हळदीचं मुसळ आणि टेम्पोची काच

टेम्पो मागे येत होता आणि माझी चार वर्षांची नात त्याच्याकडे पाठ करून गल्लीच्या मधोमध उभी होती. मी ओट्यावरून ओरडले. एरवी मी हाक मारली की ती मान वळवते. तिने वळवली नाही. मांडवातून पडलेली झेंडूची फुलं फ्रॉकच्या ओच्यात गोळा करत राहिली.

घणसोली गावातल्या आमच्या गल्लीत टेम्पो शिरला की बाजूने माणूस अंग चोरूनच निघतो. टेम्पोत डीजेचे बॉक्स खच्चून भरलेले, ड्रायव्हरला मागचं काही दिसत नव्हतं. गाडी मागे घेताना वाजतं ते पीं पीं वाजत होतं. ते ऐकून बाकीची पोरं ओट्यांवर चढली. ही एकटी उरली. टेम्पो माझ्यासमोरून मागे सरकला आणि ती दिसेनाशी झाली. केबिनची काच वर, आत गाणं चालू. माझं ओरडणं ड्रायव्हरला कुठून ऐकू जाणार?

माझ्या पुढ्यात सुवासिनी हळद कुटत होत्या. मी विधवा, म्हणून बाजूला बसलेली. आंब्याची पानं बांधलेलं मुसळ मी एकीच्या हातातून ओढून घेतलं आणि केबिनच्या काचेवर हाणलं. काच फुटली. टेम्पो थांबला.

"ए म्हातारे, येडी झालीस काय?"

"उतर. मागं कोन हाय ते बघ."

तो गेला आणि पोरीला कडेवर घेऊन आला. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. काचेचं नावसुद्धा त्याने काढलं नाही. पोर हसत होती, मला फुलं दाखवत होती. तिच्या कानांत सोन्याचे झुबे होते. ऐकायच्या मशिनी नव्हत्या.

त्या मशिनी घातल्या की तिला ऐकू येतं, काढल्या की नाही. एवढी साधी गोष्ट आहे. सकाळी दात घासले की मशिनी घालायच्या, त्या रात्री झोपतानाच काढायच्या.

"मशिनी कुठं हायत?" मी सुनेला विचारलं. तिने माझ्या धाकट्या जावेकडे बघितलं. हळद जावेच्या मुलाची होती.

"माज्या बटव्यात हायत," जाऊ म्हणाली. "नवरीकडची मानसं येनार, फोटो निघनार. म्हनलं घडीभर झुबे घालू. घरात बहिरेपन हाय असं बोलतील ना."

"हाय मग! बटव्यात घालून जानार हाय काय?"

"आनि तुमी हळदीच्या मुसळाला हात लावलात, वर काच फोडलीत. माज्या पोराच्या लग्नात अपशकुन केलात."

"पोर चाकाखाली गेली असती तर शकुन झाला असता काय गो?"

सून रडायला लागली. मी म्हटलं, मागाहून रड, आधी मशिनी घाल. तिचं रडणं थांबेना, म्हणून जावेच्या बटव्यातून काढून मीच घातल्या. कानातला साचा जरा फिरवून बसवावा लागतो, नीट बसला नाही तर शिट्टी वाजते. मशीन कानामागे अडकवायची, ती पडून हरवू नये म्हणून तिला दोरी असते, त्या दोरीचा चिमटा फ्रॉकला पाठीमागे लावायचा. हे सगळं मी नातीला बोलायला शिकवतात त्या सेंटरमध्ये शिकले. मी चौथी शिकलेली बाई, पण हे करायला चौथीही लागत नाही. मग मी तिचे मोकळे केस उचलून दोन शेंड्या चांगल्या उंच बांधल्या. आता कान लांबूनही दिसत होते.

"केस तरी सोडा," जाऊ म्हणाली.

"सोडनार नाय."

डीजे जोरात वाजायला लागला तेव्हा मी नातीला घेऊन मागच्या खोलीत बसले आणि दार लावलं. तिचं सोडा, तो आवाज माझ्याही कानांना सोसत नाही.

संध्याकाळी नवरीकडची माणसं आली. नवरीची मावशी बोनकोडे गावची. जेवताना तिने विचारलं, "हिच्या कानात काय हाय?" जाऊ पाण्याचा तांब्या उचलून निघून गेली.

"मशीन हाय. ही जन्मापासून बहिरी. मशीन घातली की ऐकते, बोलते, शिव्यापन देते. माज्याकडून शिकली."

मावशी हसली नाही. जेवण झाल्यावर हळूच माझ्याजवळ येऊन बसली. तिचा नातू दोन वर्षांचा, हाक मारली तर बघत नव्हता. घरचे म्हणत होते, बापावर गेलाय, बापपण उशिरा बोलला होता.

"बापाचं मरू दे," मी म्हटलं. "उद्या पोराचे कान तपासून घे."

लग्नानंतर दोन-तीन महिन्यांनी ती पोराला आणि त्याच्या आईला घेऊन माझ्याकडे आली. कान तपासून पोराला मशिनी लागल्या होत्या, पण तो त्या उपटून टाकायचा आणि आई पुन्हा घालायचीच नाही. आधी तिला झापलं. तो उपटेल, तू घाल, तो पुन्हा उपटेल, तू पुन्हा घाल. तो काय चपला ठेवतो पायात? मग चपला घालायच्या सोडतेस का? त्याच्या समोर बसून बोल. पाठीमागून आणि मिक्सर चालू ठेवून बोलू नकोस. भाकरी थापतेस तर भाकरी म्हण, पाणी देतेस तर पाणी म्हण, तो बोलत नाही म्हणून तू मुकी होऊ नकोस. आणि कोणी बिचारा म्हटलं की त्याला दाराबाहेर काढ. सासू असली तरी.

"सासू मीच हाय," मावशी म्हणाली.

"मग तू भाईर जा."

तेव्हा ती हसली. तेव्हापासून आणखीही बाया येतात. मी कोणाचं सांत्वन करत नाही. सांत्वनाने पोरांना ऐकू येत नाही.

जाऊ अजून मुसळाचं काढते. तिच्या सुनेचा फ्रिज बिघडला तरी दोष माझ्या हाताचा. नवरा-नवरीचं चांगलं चाललं आहे, ते मात्र ती मोजत नाही. घरातल्या कुठल्याही लग्नात आता नातीच्या शेंड्या मीच बांधते, उंच, आणि फोटोत तिला पुढे उभी करते.

त्या दिवशी टेम्पोच्या मागे ती उभी होती. ती वाचली.