हळदीच्या अंगानं खोललेला गिअरबॉक्स

देवळाली प्रवरेतल्या कितीतरी लेकी सासरी गेल्या त्या सहादूच्या अ‍ॅम्बेसिडरमधून. साखर कारखान्यात राबून त्यानं ही जुनी गाडी घेतली होती आणि पोटच्या पोरीसारखी जपली होती. पोटची पोर म्हणजे यशोधरा. फ्रॉक घालायच्या वयात ती गाडीखाली शिरायची. आयटीआय करून राहुरीच्या गॅरेजात कामाला लागली तेव्हा लोक हसले, पण सहादूची छाती फुगली ती फुगलीच. पाठवणीला रडणाऱ्या बापांची तो हटकून थट्टा करायचा. "पोरगी नांदायला चाललीय, लढाईला न्हाई. माझी यशू माझ्याच गाडीतनं जाईल, गाडी मीच चालवीन, आन् डोळ्यातनं टिपूस काढलं तर नावाचा सहादू न्हाई!"

शहाण्णवच्या मे महिन्यात ही फुशारकी अंगाशी आली. यशोधराचं लग्न उद्यावर आलेलं, नवरामुलगा खर्ड्याचा, आणि गाडी खालच्या गिअरमध्ये जात्यासारखी घरघरू लागली. वरातीत नाचणाऱ्यांच्या मागं रांगून रांगून गिअरबॉक्समधलं बेअरिंग झिजलं होतं. गॅरेजला कुलूप, मालक गावाला गेलेला. भाऊबंद म्हणाले, जीप सांगू भाड्यानं. गावभर मिरवलेला शब्द आता खोटा पडणार, हे सहादूच्या फार जिव्हारी लागलं. तो मांडवाच्या खांबाला टेकून खाली बसला.

"आबा, उठा. नगरला जाऊन बेअरिंग आना. तवर मी बॉक्स उतरवते," यशोधरा म्हणाली. तिच्या अंगाला नुकतीच हळद लागली होती.

आईनं, बनाबाईनं, कपाळावर हात मारून घेतला. "हळदीची नवरी उंबऱ्याभाइर पडत न्हाई, आन् तू गाडीखाली निजतीस? उद्या सासू हात बघंल तर काय म्हनंल?"

"आधी गाडी, मग सासू," म्हणत यशोधरा पोतं घेऊन निघालीसुद्धा.

सहादू एसटीनं परत आला तोवर चुलतभावांना हाताशी घेऊन तिनं गिअरबॉक्स खाली उतरवून खोलला होता. काढलेल्या तेलात लोखंडाचा चुरा चमकत होता. पुलर लावून तिनं जुनं बेअरिंग ओढून काढलं आणि बापाच्या हातावर ठेवलं. त्यानं फिरवलं तर ते खडखडलं.

"ह्या बघा तुमच्या वराती," ती म्हणाली.

नवं बेअरिंग मात्र शाफ्टवर चढेना. सहादूनं हातोडा उचलला.

"ठोकू नका, मार बसला की पुन्हा कुरकुरंल. तळून बसवायचं."

तिनं आईची एक पोचे आलेली कढई घेतली, त्यात इंजिन ऑइल ओतलं, बेअरिंग सोडलं आणि कढई थेट बुंदीच्या चुलीवर चढवली. आचारी बोंबलायला लागला. सगळा मांडव तमाशा बघायला गोळा झाला. तापून फुगलेलं बेअरिंग तिनं सांडशीनं उचलून शाफ्टवर धरलं, तसं ते बांगडी चढावी तसं सरकत जागेवर बसलं. सहादू शेजारच्यापाजारच्यांना धरून धरून सांगत सुटला, "माझी हाय ती, माझी!" जसं काही कुणाला ठाऊकच नव्हतं.

संध्याकाळपर्यंत गिअरबॉक्स पुन्हा चढला. बनाबाईनं लेकीच्या हातांना रॉकेल लावलं, लिंबू चोळलं. हळद फिकी झाली, पण नखांतलं काळं काही हटेना.

दुसऱ्या दिवशी त्रिशरण झालं, फुलं पडली, बनाबाई रडली, आणि सहादू कोरड्या डोळ्यांनी ऐटीत स्टिअरिंगवर बसला. जावई शेजारी, मागं यशोधरा आणि तिची सासू रंगुबाई. नगर मागं पडल्यावर रंगुबाईनं सुनेचा हात मांडीवर घेतला आणि निरखून बघितलं. सहादूला ते आरशात दिसलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"ही कसली गं काळी मेंदी?"

"ह्याच गाडीचं ग्रीस हाय, आत्याबाई. काल मी गिअरबॉक्स खोलला हुता."

रंगुबाई थोडा वेळ गाडीचा आवाज ऐकत राहिली. मग म्हणाली, "घासूबिसू नगं आता. समद्या खर्ड्याला दावायचेत मला हे हात."

चढ लागला होता. सहादूनं खालचा गिअर टाकला. आता तरी घरघर व्हायला हवी होती, असं त्याला फार वाटलं. पण पोरीनं काम चोख केलं होतं. गाडी इतकी गुपचूप चढत होती, की त्याचा हुंदका मागच्या सीटपर्यंत स्वच्छ ऐकू गेला.