टॅगवाले काका आणि पुसली गेलेली माणसं

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते टॅगवाले काकांचे. ते स्टील प्लांटमध्ये होते. दुरुस्तीसाठी बंद केलेल्या यंत्रावर लाल टॅग लावायचा आणि ज्यानं लावला त्यानंच तो काढायचा, हा तिथला नियम. काकांनी तो घरीही आणला. काकूंनी गॅसवर ठेवलेलं दूध उतू जायचं, काका शेजारी उभे राहून बघायचे. "तूनं ठेवलं, तू उतरव."

कॉलेजात मला त्यांनीच घातलं. "मी घातलं, मीच काढीन," म्हणत प्रत्येक निकालाला सोबत आले. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला.

उतराई म्हणून मी वस्तीतल्या बुद्धविहाराच्या कुटुंबांच्या यादीचं अ‍ॅप केलं आणि काकांच्या हाती दिलं. नाव डावीकडे सरकवलं की ते यादीतून जायचं. आमच्या जुनवानी वस्तीत धूळ फार. काका ओल्या गमछ्यानं फोन पुसायचे, उजवीकडून डावीकडे. पौर्णिमेला विहारात खीर वाटतात, त्या खीरदानाला अर्ध्या वस्तीला निमंत्रणच गेलं नाही.

शेजारच्या वानखेडेबाई दारात आल्या. "काकाजी, मले कावून काढलं?"

"काढलं नाही, पुसलं."

बाईंनी बोलणं सोडलं. त्या दिवशी काकांनी खिरीला हात लावला नाही.

मी म्हटलं, सरकवल्यावर लाल पट्टी दाखवू, 'नक्की काढायचं का?' असं विचारू.

"कोणाले विचारतं? मले? ज्याले काढून राहिला त्याले विचार ना बे."

मी तसंच केलं. नाव सरकवलं की त्या माणसालाच निरोप जायचा: 'तुम्हाला यादीतून काढत आहोत. चालेल का?' हो कोण म्हणणार? वारलेल्यांकडून उत्तरच येईना, म्हणून तेही राहिले. निमंत्रणं त्यांनाही जायची. तरी खीर कधी उरली नाही.

काका आता रोज मुद्दाम वानखेडेबाईंचं नाव सरकवायचे. बाई 'नाही' कळवायच्या. तेवढंच बोलणं. मग एक दिवस उत्तर आलं, 'नाही. चहाले या.'

पुढे काका मुलीकडे नागपूरला गेले. तिथून त्यांनी स्वतःचं नाव सरकवलं आणि स्वतःच 'हो' म्हटलं. मी पत्र लिहिलं:

'काका, सादर जयभीम. तुमचं हो मिळालं. असं म्हणणारे तुम्ही पहिलेच. पण यादीत तुमचं नाव मी लावलं होतं. नियम तुमचाच आहे. मी काढून नाही राहिलो. पौर्णिमेला खीर आहे, या. वानखेडेबाई रोज विचारतात, मले न विचारता कावून गेले?'