सतरा नव्वे

रविवार, चौदा सप्टेंबर. हजर: मुलं अकरा, पालक तीन, मी. गैरहजर: पाढेबाई.

स्टुटगार्टच्या आमच्या मराठी वर्गात हे नाव मुलांनीच ठेवलेलं. बाई एकोणतिसाचा पाढा वही न उघडता खालून वर म्हणायच्या. मुलं मराठी आकड्यांना बिचकली की सांगायच्या, "अरे, तुमचं जर्मन आधी तीन म्हणतं, मग पन्नास. आपलं त्रेपन्नही तसंच! घाबरता काय?"

मला त्या 'यादीबाई' म्हणत. "यादीबाई, आज श्वास घ्यायचं लिहिलंय ना?"

गेल्या हिवाळ्यात त्यांची थायरॉईडची ग्रंथी काढली. महिन्याभरात गळ्याला स्कार्फ गुंडाळून त्या वर्गावर हजर. त्या दिवशी सतराचा पाढा होता. "सतरा नव्वे..." आणि थांबल्या. पुन्हा, "सतरा नव्वे..." मागून कुणीतरी जर्मनमध्ये उत्तर ओरडलं. मुलं हसली. बाईही हसल्या, पण हात स्कार्फकडे गेला.

वर्ग सुटल्यावर मला म्हणाल्या, "गोळी रोज उपाशीपोटी घेते गं. रिपोर्टही नॉर्मल आहेत. पण शब्द दाराशी येऊन उभा राहतो, आत येत नाही."

"रिपोर्ट नॉर्मल ना? मग झालं तर. काकू, जरा घरून तयारी करून येत जा," मी म्हणाले. आणि त्यांच्यादेखत हजेरीवहीत शेरा लिहिला: 'तयारी नाही.' पुढच्या महिन्यात कोण शिकवणार त्या यादीत त्यांच्या जागी माझं नाव घातलं. त्यांना विचारलंही नाही.

त्यांनी वाद घातला नाही. या उन्हाळ्यात त्या मुलाकडे वोल्फ्सबुर्गला राहायला गेल्या. जाताना वर्गासाठी एक पिशवी देऊन गेल्या. सामानाची नोंद करायला मी ती रिकामी केली. तक्ते, खडू आणि तळाशी एक शंभरपानी वही.

पानोपानी सतराचा पाढा. प्रत्येक पानावर तारीख, रोजची, ऑपरेशननंतरच्या आठवड्यापासून. कुठे दोन ओळी कोऱ्या, कुठे खाडाखोड. शेवटचं पान त्या वर्गात अडल्या त्याच रविवारचं. वर लिहिलं होतं, 'सकाळी सहा'. त्या पानावर पाढा पूर्ण होता, एकही चूक नव्हती.

तो शेरा हजेरीवहीत अजून तसाच आहे. आधी त्यांच्याशी बोलल्याशिवाय खोडायचा मला अधिकार नाही.

माझ्या यादीतली पहिली ओळ: वोल्फ्सबुर्गला फोन. दर रविवारी मी ती नीट अक्षरात नव्या पानावर उतरवते.