पळवणाऱ्या बाईंची रेषा

दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टला लागून असलेल्या खोलीत पळवणाऱ्या बाई असत. त्यांचं नाव कुणाला लागत नसे. "छातीला वायरी लावून पट्ट्यावर पळवतात ना, त्या," एवढं पुरे. अठरा वर्षं त्यांनी पोट सुटलेल्या दुकानदारांना, धापा टाकणाऱ्या मास्तरांना आणि "मला काही झालेलं नाही, सुनेनं पाठवलंय" म्हणणाऱ्या सासूबाईंना चालवलं होतं. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढे. "दांडीला लोंबकळू नका काका, बसमध्ये नाही आहात," त्या म्हणत. नजर मात्र पडद्यावरच्या रेषेवर.

रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी त्या स्वतःच वायरी लावून पट्ट्यावर चढत. एकदा मशीनने भलतंच दाखवून एका धडधाकट गृहस्थाला रडवलं होतं, तेव्हापासूनची ही सवय. आपली रेषा नेहमीसारखी आली म्हणजे मशीन ठीक. त्या रेषेचा छापील कागद त्या भिंतीवर चिकटवत आणि कुणाचं काही वेगळं वाटलं की आधी त्याच्याशी ताडून बघत.

नवीन डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्याच आठवड्यात तो कागद पाहिला.

"हा पेशंट कुठाय?"

"मीच ती," बाई हसत म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी कागद उतरवून टेबलावर ठेवला आणि पट्टी लावून मोजला. मग पुन्हा मोजला.

"बाई, बसा जरा."

"मला नका बसा म्हणू. मी लोकांना बसा म्हणते तेव्हा काय असतं, मला माहितीये."

आधीचे डॉक्टर रेषा खाली दबते का, एवढंच बघायचे. हृदयाची नळी तुंबली की ती दबते. बाईंची कधी दबली नव्हती. पण ठोका पडल्यावर हृदय पुढच्या ठोक्यासाठी सावरतं, आणि नाडी वाढली की हा सावरायचा वेळही आखडावा लागतो. बाईंचा फारसा आखडतच नव्हता. हा दोष जन्मापासूनचा असावा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हृदयाच्या पेशींना बारीक दारं असतात, त्यातल्या एका दाराचा आराखडा आईबापांकडून येतानाच किंचित बदललेला. एरवी काही कळत नाही. जोराचा व्यायाम केला की, त्यातही पोहताना, ठोके एकदम विस्कटू शकतात.

"घरात कुणी अचानक गेलंय?"

"भाऊ. एकोणिसाव्या वर्षी, तलावात. पायात गोळा आला असं सगळे म्हणाले."

"मुलं?"

"एक मुलगी."

"करते काय?"

बाईंनी वायरींखाली लावायच्या जेलची बाटली उचलली, झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "पोहते," त्या म्हणाल्या.

मुलीत हा बदल उतरला असण्याची शक्यता निम्मी-निम्मी. रक्ताच्या रिपोर्टला महिना लागणार. आणि रविवारी कॉलेजच्या संघाची निवड.

घरी येऊन बाईंनी पुसलेला ओटा पुसला. घडी घातलेले टॉवेल मोडून पुन्हा घातले. मग नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला,

"रविवार होऊ दे. मग सांग तिला."

"आणि तेवढ्यात झालं काही तर?"

"तुला झालंय का काही? रोज पळतेस."

हेच तर त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं. उत्तर असं, की बदल तोच असला तरी एकाचा सगळा जन्म सुखरूप जातो आणि दुसऱ्याची पहिलीच उडी शेवटची ठरते. कोण कुठला, हे आधी सांगता येत नाही. या उत्तराचं करायचं काय, ते बाईंना कळेना. मुलगी ओला पोशाख वाळत घालत होती, तिथेच त्यांनी सांगून टाकलं.

"झालं! आई, मी पाण्यात उतरले की तुला मामा आठवतो. लहानपणापासूनचं आहे हे. आता मशीनची साक्ष काढलीस?"

"मशीनवर चढ. एकदाच."

"चढते. काही नाही निघालं तर रविवारी काठावर उभी राहून टाळ्या वाजवायच्या. चेहरा न पाडता."

"वाजवीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी मुलीच्या छातीवर दहा वायरी लावल्या. तिसरी चिकटपट्टी दोनदा सुटली. डॉक्टरीणबाई मागे उभ्या राहिल्या. मुलगी मजेत पळाली. बारा मिनिटं झाली तरी धाप नाही. एवढं सुरेख पळणारं माणूस त्या पट्ट्यावर कधी चढलं नव्हतं. नाडी एकशे ऐंशीवर गेली. पट्टा थांबला. मुलगी खुर्चीवर बसून पाय हलवू लागली.

"बघ! दिसलं काही?"

बाईंनी बोटानेच तिला गप्प केलं. पळून थांबल्यावरची मिनिटं मोजायची असतात. एक. दोन. तीन. चौथ्या मिनिटाला नाडी उतरत आली, पण सावरायचा वेळ त्या नाडीला हवा त्याहून कितीतरी जास्त लांबत गेला. बाईंनी कागद फाडून पट्टी लावली. मोजण्याची गरज नव्हती, तरी मोजलं.

"रिपोर्ट डॉक्टर सांगतील," त्या सवयीने म्हणाल्या.

"आई. तू सांग."

"माझ्यासारखंच आहे तुझं."

मुलीने एकेक वायर स्वतःच ओढून काढली. डॉक्टरीणबाई औषधाचं सांगू लागल्या, ते नियमित घेतलं, रक्ताचा रिपोर्ट आला, की मग पुढचा विचार करता येईल.

"पुढचा म्हणजे? संघात?"

"ते आज नाही सांगता येणार."

"मग रविवार?"

"नाही," बाई म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंच्या आधी.

मुलगी दोघींकडे पाठ करून उभी राहिली. मग तिने पिशवीतून फोन काढून पोहण्याच्या सरांना लावला.

"सर, रविवारी माझ्या जागी दुसरं कुणी घ्या." पलीकडून बरंच काही विचारलं गेलं असावं. "नाही सर, आजारी नाही. बरी आहे मी. खरंच सर, एकदम बरी आहे."