आईच्या मनगटातली घंटी

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी हसण्यावारी नेणारा माणूस. या ग्रुपवरचे अनुभव वाचून घाबरणाऱ्या बायकोची मी टिंगल करायचो. आता मीच लिहायला बसलोय...

माझी आई कोळवण खोऱ्यातल्या एका वृद्धाश्रमात आहे. स्मृतिभ्रंश. जुन्या फार्महाउसला रंग देऊन ब्रोशरवर ‘चोवीस तास देखरेख’ छापलंय. आई निवृत्त शिक्षिका, पायाने धडधाकट. शाळेला उशीर होतोय म्हणत उठते आणि चालू लागते. देखरेख म्हणजे एकट्या सखूबाई आणि त्यांच्या गळ्यात अकरा म्हातारी माणसं. त्यांनी आपल्या दिराकडून, धोंडिबाकडून, एका मेलेल्या शेळीची घंटी आणली आणि आईच्या मनगटाला बांधली. आई हलली की त्यांना कुठूनही ऐकू जायचं.

मी ते पाहिलं आणि तडकलो. माझी आई काय जनावर आहे? सखूबाई एवढंच म्हणाल्या, "काढू नका सायेब. मला काय चार डोळं न्हाईत. आवाजावर ध्यान असतंय माजं."

मी स्वतः गाठ सोडली. आई हात ओढून घेत होती. मॅनेजरने दाराला सेन्सर, दर तासाला राउंड आणि रजिस्टरमध्ये सही असं सगळं कबूल केलं. मी खूश. घंटी गाडीच्या कप्प्यात टाकली. पौड रस्त्याच्या खड्ड्यांत ती वाजायला लागली, म्हणून तिच्यात टिश्यू पेपर कोंबला.

पंधरा दिवसांनी दुपारी ऑफिसात फोन आला — आई खोलीत नाही. मी पोचेपर्यंत ती सापडली होती. भाताच्या खाचरात, चिखलात बसलेली. भात इतका वाढलेला, की बांधावरून बसलेलं माणूस दिसलं नसतं. धोंडिबा पलीकडे शेळ्या चारत होता, त्याने तिला उचलून आणलं. त्याला तर ती हरवल्याचंही कुणी सांगितलं नव्हतं.

"घंटी वाजत हुती भातात," तो म्हणाला. "वाटलं, शेळी शिरली. जवळ गेलो तवा वळखली, म्या वैनीला दिलेलीच ती."

घंटी माझ्याकडे आहे, मी म्हटलं.

"मंग मी काय ऐकलं? माज्या घंटीचा आवाज मला कळंना व्हय?"

गाडीचा कप्पा उघडला. घंटी तिथेच होती, टिश्यू तसाच कोंबलेला. सकाळपासून फोन येईपर्यंत ती गाडी हिंजवडीला, ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी होती.

मग रजिस्टर मागितलं. एक, दोन, तीन — प्रत्येक राउंडला ‘खोलीत झोपल्या आहेत’ आणि खाली सही. चारचीही सही झालेली. घड्याळात साडेतीन वाजले होते! सेन्सर जेवणाच्या वेळी सारखा कोकलतो म्हणून बंदच ठेवत होते. मॅनेजरने मला पाणी विचारलं. त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, पण कुठल्या तोंडाने देणार?

धोंडिबाने काय ऐकलं, मला आजही सांगता येत नाही. कुणाला सुचलं तर लिहा. पुढचं तर त्याहून कळत नाही.

सखूबाई आईचे पाय धूत होत्या. मी घंटी पुढे केली. त्यांनी टिश्यू काढून फेकला आणि ती आईच्या मनगटाला बांधली. आईने हात हलवून आवाज ऐकला. सकाळचा चहा तिच्या लक्षात राहत नाही. मी तिचा मुलगा, हे ती दोन वर्षांपूर्वीच विसरली. तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि सखूबाईंना म्हणाली,

"हाच तो माणूस. यानेच नेली होती."