ओझ्याने हलायचं नसतं

कपाटकाकांना खरं नाव होतं, पण ते फक्त दवाखान्याच्या केसपेपरवर लागायचं. एरवी गल्लीत कुणीही हाक मारली तरी ती ‘कपाटकाका’ अशीच. लोखंडी कपाट एकट्याने पाठीवर घेऊन चौथ्या मजल्यावर चढवणारा माणूस त्या भागात दुसरा नव्हता.

काम ते बघून करायचे. आधी फळ्या काढायच्या, मग आरशाचं दार वेगळं करायचं, मग रिकामा जिना एकदा वर-खाली चढून वळणं पाहून यायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, “अहो, किती वेळ लावता!” काका म्हणायचे, “घाईत उचललेलं दुप्पट जड होतं.” भिंतीला ओरखडा पडला तर तो कुणी दाखवायच्या आधी स्वतः दाखवायचे.

वडील हमाल, आजोबाही हमाल. वडिलांनी इस्टेट म्हणून एकच वाक्य ठेवलं होतं. मरेपर्यंत ओझं उचलावं, पण कुणाचं ओझं होऊ नये. काकांनी ते इतकं मनावर घेतलं की हर्नियाच्या ऑपरेशनला स्ट्रेचर नाकारून, सलाइनची बाटली स्वतःच्या हातात धरून ते वॉर्डपर्यंत चालत गेले होते. वॉर्डबॉयने त्या दिवशी विनाकारण बोलणी खाल्ली.

पुढे पाठ शाबूत राहिली, गुडघे गेले. मुलीने तळमजल्यावरची खोली बघून दिली. काका दिवसभर दाराशी बसून समोरच्या इमारतीत सामान चढवणाऱ्यांच्या चुका काढू लागले.

मूळ गावाला जायचं जावयाने ठरवलं. गाव डोंगरावरचं. हल्ली तिथे लोक हौसेने फिरायला जात, फोटो काढत, संध्याकाळी परतत. काकांच्या आजोबांचं घर तिथल्या वरच्या आळीत होतं. वडील लहानपणीच तिथून निघाले ते पुन्हा गेले नाहीत, आणि काकांनी तर गाव पाहिलंच नव्हतं. “डोळे आहेत तोवर एकदा बघून यावं,” असं ते बायकोजवळ बोलले होते. काका एखादी गोष्ट मागतात हेच नवल, म्हणून ती बातमी जावयापर्यंत पोचली.

“सकाळी बस, संध्याकाळी घरी. धावती भेट,” जावई म्हणाला. “थोड्या पायऱ्या आहेत म्हणे.”

थोड्या म्हणजे डोंगरभर होत्या. बस खाली थांबली. वर जायला गाडीरस्ता नव्हता. काकांनी पायथ्याशी उभं राहून पायऱ्या नीट न्याहाळल्या, एखादं बोजड कपाट न्याहाळावं तशा. मग काठी टेकत चढायला लागले. पहिल्या वळणावर डावा गुडघा असा धरला की पाय पुढे जाईना की मागे येईना. ते कठड्यावर बसले.

जावई धावत जाऊन डोली घेऊन आला. दोन बांबूंमध्ये बांधलेली खुर्ची, पुढे एक माणूस, मागे एक. पुढचा उंच आणि पिकल्या मिशांचा, मागचा बुटका, मान म्हणून नाहीच.

“मी नाही बसणार,” काका म्हणाले.

“बाबा, सगळे बसतात,” मुलगी म्हणाली.

“सगळ्यांचं सगळ्यांपाशी.”

बायको इतका वेळ पदराने वारा घेत उभी होती. “अहो, जन्मभर लोकांची कपाटं वर नेलीत. आज एक कपाट वर चाललंय असं समजा.”

“कपाटाला लाज नसते.”

“मग बसा इथेच लाज धरून. मी जाते वर. तुमच्या आजोबांचं घर कसं होतं ते येऊन सांगते.”

हे मात्र लागलं. आपलं घर बायको बघून येणार आणि आपण कठड्यावर बसून ऐकणार? आणि उद्या पुन्हा कोण आणतंय इथे? काका डोलीत बसले. बसले म्हणजे, टेकले.

डोली उचलली गेली तशी त्यांनी दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरले आणि अंग वर खेचलं. पायरी आली की पुढे झुकायचं, वळण आलं की वळणाच्या बाजूला कलायचं. पुढच्याने श्वास धरला की यांनीही धरायचा. डोळे त्या माणसाच्या टाचांवर. आजूबाजूला काय आहे ते त्यांना दिसलंच नाही.

“आजोबा, हलू नका,” मागून आवाज आला.

“हलत नाही. हलका होतोय.”

“माणसाला हलकं होता येत नाही. गप बसा.”

थोड्या वेळाने काका पुढच्याला म्हणाले, “तुझी उजवी दोरी सैल आहे.”

“ती तशीच लागते.”

“आणि वळणावर आधी बाहेरचा पाय टाक.”

आता पुढचाच थांबला. दोघांनी डोली कठड्यावर टेकवली. काकांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. छाती भात्यासारखी चालली होती. डोलीवाले कोरडे ठाक. पुढच्याने त्यांच्याकडे बघितलं आणि तो मिशीत हसू लागला.

“उचललं आम्ही आणि दमलात तुम्ही! हमाल होतात काय?”

“कपाटं वाहिली.”

“कळलंच,” मागचा म्हणाला. “हमालाएवढं वाईट ओझं नाही बघा. मागे एक डॉक्टर आला होता, तुमच्या दीडपट. बसल्या बसल्या झोपला. काय सुख दिलं त्या माणसाने! तुम्ही अंग वर खेचता, मग सोडता, की वजन धपकन माझ्यावर. ओझ्याने हलायचं नसतं, काका. तुम्हाला माहीत नाही?”

माहीत होतं. दोराने न बांधलेला एक खण पाठीवर सरकला की काय होतं ते काकांइतकं कुणाला माहीत असणार? उरलेल्या चढावर त्यांनी हलायचं टाळलं, पण दात आवळून. आवळलेल्या दातांनी कुणी हलकं होत नाही आणि कुणी स्थिरही बसत नाही. डोलीवाल्यांनी सांभाळून घेतलं.

वरची आळी म्हणजे दोन्ही बाजूंना दगडी घरं आणि मधून चार माणसं शेजारी चालतील एवढी वाट. निम्म्या घरांची दुकानं झालेली. टोप्या, चाव्यांच्या साखळ्या, थंड पेयं. वडिलांनी सांगितलेली खूण एवढीच, की दारात शिरायला तीन पायऱ्या उतराव्या लागत. तशी घरं दोन निघाली. एकात चहाचं हॉटेल होतं, दुसऱ्याला कुलूप. जावयाने तीन-चार जणांना विचारलं. सगळे त्याच्यासारखेच फिरायला आलेले.

“दोन्हींसमोर काढू या फोटो,” जावई म्हणाला. “एक तरी बरोबर असेल.”

“माणसं बदलून उभं राहा,” बायको म्हणाली. “नाहीतर नातवंडांना वाटेल आपली दोन घरं होती.”

काका दोन्हींसमोर उभे राहिले. कुलपाच्या घराची चौकट त्यांनी हाताने पाहिली, हॉटेलची नजरेने मापली. दोन्ही दारं ठेंगणी होती. आजोबा किती उंच होते ते कुणी सांगितलं नव्हतं. चहा प्यायले. तो पाणचट होता. मुलीने विचारलं, “कसं वाटतंय, बाबा?” ते म्हणाले, “चढ फार आहे.”

तेवढ्यात जावयाने बस सुटायची वेळ झाल्याचं सांगितलं.

डोली हॉटेलच्या दाराशी आली तेव्हा काकांनी पुन्हा काठी उचलली. उतारच तर आहे. पण उतारावर गुडघा जास्त बोलतो. काही पायऱ्या उतरेपर्यंत त्यांचा चेहरा पांढरा पडला आणि मागे माणसांची रांग लागली. पिकल्या मिशांचा येऊन समोर उभा राहिला. “पडलात तर तेव्हाही आम्हालाच न्यायचंय. आणि तेव्हा डोळे मिटलेले असतील. बसा.”

काका बसले. या खेपेलाही बुटका खाली राहिला, मिशीवाला वर, आणि खुर्चीचं तोंड डोंगराकडेच ठेवलं.

“उलटं का?”

“खाली तोंड केलं तर घसरून त्याच्या मानेवर जाल.”

“मान आहे कुठे त्याला?” काकांच्या तोंडून निघून गेलं. खालून बुटका खदखदला आणि डोली तेवढी हिंदकळली. “आता कोण हलतंय?” काका म्हणाले.

उतरताना करण्यासारखं काही नव्हतं. टाचा दिसत नव्हत्या, पायरी येताना कळत नव्हती. समोर मिशीवाल्याचा चेहरा, आणि त्याच्या खांद्यामागे वरची आळी हळूहळू वर सरकत चाललेली. काकांचे हात दांड्यांवरून मांडीवर कधी आले ते त्यांनाही कळलं नाही.

वळण घेतलं तसं खालून सगळं गाव एकदम दिसलं. घरावर घर, घरावर घर. प्रत्येक चिरा, प्रत्येक तुळई, प्रत्येक पाण्याची टाकी. गाडी इथे कधी आलीच नव्हती. म्हणजे हे सगळं कुणाच्या तरी पाठीवरून वर गेलेलं. काका तोंड वर करून बघत राहिले. आणखी चार पावलांत कड्याआड जाणार होतं.

भर उतारावर ओझं टेकवणं आणि पुन्हा उचलणं यासारखं जिवावरचं काम नाही. मध्येच ‘थांबा जरा’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांना काकांनी आयुष्यभर मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या.

“थांबा जरा,” काका म्हणाले.

मिशीवाल्याने त्यांच्याकडे एकदा रोखून पाहिलं. मग खाली आवाज दिला, “टेकव रे.”

बुटक्याने दम घेत डोली टेकवली. वर आळीत कुणी बाई वाळलेले कपडे आत ओढत होती. खालून बसचा हॉर्न दोनदा वाजला. जावई पायऱ्यांवरून हातवारे करू लागला.

“झालं बघून?” मिशीवाल्याने विचारलं.

“नाही,” काका म्हणाले. “पण उचला.”