मंडईपुरत्या उघडलेल्या खोल्या

माझा राग आता दोन वर्षांचा झाला. तो निवावा असं मला वाटत नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

इटियाडोह धरणापासून आमचं गाव जवळ. थंडीत धरणावर आणि आसपासच्या तलावांवर पक्षी येतात, आणि पक्ष्यांमागे गळ्यात दुर्बिणी अडकवून नागपूरची माणसं येतात. त्यांना झोपायला जागा लागते. नवरा गेल्यावर मी गोठ्याच्या बाजूला दोन खोल्या बांधल्या. प्रत्येकीला आतून कडी, लागूनच संडास-न्हाणी. एवढंच. पाहुणे यायला लागले तसा माझा मुलगा नागपूरचं गोदामातलं काम सोडून परत आला. पहाटे पाहुण्यांना तळ्यावर तोच न्यायचा, भात आणि मासोळीचा रस्सा मी करायची. लोक म्हणत, काकूंचं बरं चाललं. मला कमाईपेक्षा पोरगा रोज समोर बसून जेवतो याचंच सुख जास्त होतं. हे तेव्हा कोणाला सांगितलं नाही, आता सांगते.

मग धरणावर कोणीतरी दारू पिऊन धिंगाणा घातला. ते माझे पाहुणे नव्हते, कोणाचेच नव्हते, गाडीतून आले आणि गाडीतून गेले. पण ग्रामपंचायतीला काहीतरी केल्याचं दाखवायचं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी. ठराव झाला की पर्यटक ठेवणाऱ्या घराला परवाना पाहिजे. परवान्यासाठी कॅमेरा पाहिजे, दोन गाड्यांची जागा पाहिजे, आणि गोठा खोलीपासून तीस फूट लांब पाहिजे. गावात पर्यटक ठेवणारं घर एकच होतं, ते माझं.

अर्ज आणून वाचला. कुठल्या तरी कोकणातल्या गावाचा उचलून आणलेला. त्यात एक रकाना होता, समुद्रकिनाऱ्यापासूनचे अंतर. गोंदिया जिल्ह्यात बसून मी त्यात ‘भरपूर’ असं लिहिलं. ग्रामसेवक हसला नाही. मी विचारलं, गोठा कायले हलवू, शहरातली पोरं तर वासराला हात लावायलाच येतात. तो म्हणाला, नियम आहे. माझा गोठा सासऱ्यांच्या वेळचा, तीस फूट सरकवला तर शेजाऱ्याच्या धानाच्या बांधीत जाईल, हे त्यालाही दिसत होतं.

दिवाळीच्या आधी दोन्ही दारांवर शिक्क्याचे कागद लागले. आरक्षण केलेल्यांना मुलानं एकेक करून फोनवर नाही म्हटलं. रात्री जेवताना म्हणाला, "आई, मंडईपर्यंत पाहातो. नाही जमलं तं गोदामात जागा हाये अजून."

दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा दुकानं आणि दंडारीचे नाच, रात्री नाटक. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरात बाहेरची माणसं झोपतात. लेकी, जावई, जावयाचे मित्र, त्या मित्रांचे कोण ते मित्रांनाही ठाऊक नसतं. सरपंचाच्या घरी त्या वर्षी अठरा माणसं होती आणि अंगणात म्हैस बांधलेली होती. खाटेपासून पाच फुटांवर.

नाटक कंपनी वडशाहून यायची होती. त्यांची राहायची सोय दरवर्षी शाळेत होते, पण तेव्हा शाळेचं छत दुरुस्तीसाठी उघडलेलं होतं. मंडईच्या सकाळी सरपंच स्वतः माझ्या दारात आला. मागे ग्रामसेवक.

"काकू, त्या दोन खोल्या आजच्या दिवस द्या ना. नाटकातल्या बाया हायेत, त्यायले कुठी ठेवू?"

"खोल्या बंद हायेत," मी म्हटलं. "तुमीच केल्या."

"ते टुरिस्टसाठी. हे तं आपले पाहुणे हायेत."

"गोठा तिथंच हाये. एक फूट बी सरकला नाही."

"कायले वाकडं बोलून राहिल्या काकू? गावाच्या इज्जतीचा सवाल हाये."

नाही म्हणायचं माझ्या जिभेवर होतं. पण मंडईच्या दिवशी आलेल्या बाईला दारातून परत पाठवायचं आमच्याकडे नसतं, आणि त्या बायांनी माझं काय वाकडं केलं होतं? मी म्हटलं, कागद तुमच्या हातानं काढा. सरपंचानं ग्रामसेवकाकडे पाहिलं. ग्रामसेवकानं नखानं खरवडून दोन्ही कागद काढले. मी उभी राहून शेवटपर्यंत पाहिलं आणि मला फार बरं वाटलं.

त्या दिवशी मुलगा बादल्या भरत, चहा नेत नुसता पळत होता. इतका खुशीत मी त्याला बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी निघताना कंपनीतली मोठी बाई मला म्हणाली, "शाळेत खिडकीले लुगडं बांधून कपडे बदलतो आमी. इथं कडी लावून झोपली." मला वाटलं, आता तरी सरपंच-ग्रामसेवकाला लाज वाटेल. मुलालाही तसंच वाटलं असावं, कारण त्यानं खोल्या झाडून चादरी धुवायला काढल्या.

दुपारी ग्रामसेवक गोंदाची बाटली आणि नवे कागद घेऊन आला. एक दार नीट बसत नव्हतं. त्यानं माझ्या मुलाला सांगितलं, जरा दाबून धर. आणि माझ्या मुलानं धरलं. कागद वाळेपर्यंत धरलं. मग बोरिंगवर हाताचा गोंद धुतला आणि तिथूनच गोदामाच्या मुकादमाला फोन लावला. सोमवारपासून येतो, म्हणाला.

अर्ज मी पुन्हा भरला नाही, भरणार नाही. मुलगा आता मंडईला येतो, दोन दिवस घरातल्या पुढच्या खोलीत झोपतो आणि बॅग उचलून जातो. बाहेरून येतो, रात्री मुक्काम करतो, गोठा जवळच आहे. त्याच्यासाठी परवाना लागतो का, हे विचारायला मी एकदा ग्रामपंचायतीत जाणार आहे.